जुना कॉम्प्युटर, एकच फोन आणि इंटरनेटची तार

अमेरिकेतील एओएल या कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा कायमची बंद केली. टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरने नंबर फिरवायचा आणि इंटरनेटला जोडून घ्यायचे, अशी ती पद्धत. आज घराघरांत मोबाइल असल्याने मुलांना ही गोष्ट दंतकथा वाटते. परंतु पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलांनी हे काम कोणाच्याही शिकवणीशिवाय, स्वतःच्या हाताने केले. त्याची नोंद कोठेतरी व्हावी, असे आम्हांस वाटते.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने ते सुरू केले. पण दर असे, की गिरणी कामगाराच्या किंवा सफाई खात्यातील नोकरदाराच्या घरात त्याचा विचारही होऊ नये. विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त खाते होते, त्यात नुसती अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि ठराविक तासांची पाकिटे दुकानांत मिळू लागली. त्याच सुमारास मोठमोठी कार्यालये जुने कॉम्प्युटर मोडीत काढू लागली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हिंडून चारशेशह्याऐंशी किंवा पहिल्या पेन्टियमचे जुने यंत्र आणायचे, त्याला सेकंडहँड मोडेम लावायचा, असा सारा मामला होता.

मोडेम म्हणजे कॉम्प्युटरची भाषा आवाजात आणि आवाज पुन्हा कॉम्प्युटरच्या भाषेत बदलणारी पेटी. नवीन मोडेम सेकंदाला ५६ हजार बिट्सचा असे. पण जुन्या यंत्राच्या मागे ज्या सिरियल पोर्टला तो जोडायचा, त्यातील चिप एका वेळी एकच अक्षर सांभाळू शके. मोडेम पाठवतोय भराभर आणि यंत्र उचलतेय सावकाश. मधली अक्षरे सांडून जात. १६५५० नंबरची चिप असली तर सोळा अक्षरांची जागा मिळे आणि काम सुरळीत चाले. विंडोज ९५ मध्ये मोडेमची तपासणी केली, की ही चिप कोणती आहे ते दिसत असे. दुकानदार हे सांगत नसे. पोरे एकमेकांत विचारून शिकली.

स्वस्तातला आतला मोडेम घेणाऱ्यांची आणखी एक फजिती होई. त्यांतले पुष्कळसे मोडेम आपले अर्धे काम कॉम्प्युटरच्या मेंदूवर ढकलत. आधीच म्हातारे झालेले यंत्र त्या ओझ्याने अडखळे. बाहेरचा मोडेम महाग, त्याला विजेचा वेगळा प्लग हवा, पण जुन्या यंत्राला तोच मानवे.

मग तार. आपल्याकडे भिंतीवर स्क्रूने आवळलेली टेलिफोनची डबी असे, तर मोडेमला बारीक प्लास्टिकची पिन लागे. मोडेमला दोन भोके, एक लाइनचे, दुसरे फोनचे. तार दुसऱ्या भोकात गेली, की दिवसभर खटपट करूनही काही होत नसे. काही जुन्या एक्स्चेंजवर टोन चालत नसे, तेथे पल्स डायलिंग निवडावे लागे. परदेशी बनावटीच्या मोडेमला आपली डायल टोन ओळखूच येत नसे. मग ‘डायल टोनची वाट पाहा’ या ओळीपुढची खूण काढून टाकायची. एवढी एक खूण काढली, की मोडेम निमूटपणे नंबर फिरवी. विंडोजच्या सीडीवरून डायल-अप नेटवर्किंग आणि टीसीपी-आयपी चढवायचे, बाकीचे प्रोटोकॉल काढून टाकायचे, नाव आणि पासवर्ड अक्षर न् अक्षर तपासून लिहायचे. त्यानंतर ती शिट्टी, घरघर, खरखर. आई विचारी, “अरे, बिघडले की काय?” तो आवाज म्हणजे दोन मोडेम एकमेकांना वेग विचारत असत.

मात्र आमच्या मते खरी अडचण यंत्रात नव्हती, ती घरातल्या एकुलत्या एक फोनमध्ये होती. कोणे एके काळी फोनसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे चाळीत ज्याच्याकडे फोन, त्याचा नंबर साऱ्या मजल्याचा असे. नोकरीच्या अर्जात शेजाऱ्याचा नंबर लिहून पुढे ‘पी.पी.’ लिहायची पद्धत आपल्या ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. गावाकडच्या मयताची बातमी, मुलाखतीचा निरोप, बाळंतिणीची खुशाली, सगळे त्याच फोनवर. आणि इंटरनेट चालू असेपर्यंत तो फोन बाहेरच्यांना ‘एंगेज’! ज्या मुलाने इंटरनेट लावले, त्याच्यावर मजल्याचा राग निघे, आणि तो राग रास्त होता. पोटाचा निरोप अडवणारी विद्या कोणाला आवडेल?

शिवाय बिल. स्थानिक कॉल तीन मिनिटांचा धरला तर तासाला वीस कॉल होतात. इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे, फोनचे वेगळे.

यातून शहाण्या मुलांनी वाट काढली. पत्रे आधी तार न जोडता निवांत लिहून ठेवायची. रात्री शेजारपाजार झोपल्यावर जोडणी करायची, लिहिलेली सगळी पत्रे एका दमात पाठवायची, आलेली उतरवून घ्यायची आणि लगेच तार सोडायची. वाचन नंतर सावकाश. पाच-सात मिनिटांत काम आटपे. चित्रे न दाखवण्याची सोय ब्राउझरमध्ये होती, तीही वापरत. त्यात काटकसर होतीच, कारण चांगल्या लाइनवरही सेकंदाला चार किलोबाइट धरले, तर आजच्या मोबाइलवरचा चार मेगाबाइटचा एक फोटो उतरायला सतरा मिनिटे लागली असती. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या, की तार भिंतीतून उपटून ठेवायची, नाहीतर मोडेम जळालाच म्हणून समजा. हे काम बहुतेक घरांत आईच करी, आणि न सांगता करी.

मराठी पत्रांचा प्रश्न निराळाच. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये युनिकोड देवनागरीची सोय नव्हती. शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये लिहावे लागे, आणि तोच फॉन्ट वाचणाऱ्याच्या यंत्रातही लागे. नसला तर ‘प्रिय दादा’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. म्हणून पुष्कळ जण रोमन लिपीत मराठी लिहीत.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या माळ्यावर असे यंत्र अजून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्यातील हार्ड डिस्क काढून घ्या. तिला यूएसबीला जोडणारा ॲडॅप्टर बाजारात मिळतो. डिस्क शाबूत असेल तर आजच्या कॉम्प्युटरवर ती वाचता येते. पत्रांच्या फाइली उतरवाच, पण विंडोजच्या फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही सोबत घ्या. ते राहिले, तर आखातात गेलेल्या भावाचे, आता हयात नसलेल्या वडिलांनी सांगून लिहवून घेतलेले मराठी पत्र डोळ्यांसमोर असूनही वाचता येणार नाही.