नांवांतील लहान-मोठें अक्षर

देवनागरींत ‘क’ एकच आहे. वाक्यारंभीं आला म्हणून तो मोठा होत नाहीं. रोमन लिपींत मात्र प्रत्येक अक्षराचीं लहान व मोठें अशीं दोन रूपें असतात. वाचणारा माणूस हा भेद सहज विसरतो. परंतु संगणकाच्या लेखीं मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, तर लहान ‘ए’चा ९७. एवढ्याशा भेदानें केवढा घोटाळा माजतो, तें पाहण्याजोगें आहे.

फाइली ठेवण्याच्या पद्धतींत दोन पंथ आहेत. लिनक्सवर सामान्यतः एक अक्षर लहानाचें मोठें झालें तरी ती निराळी फाइल ठरते. विंडोज व मॅक दिलेलें नांव जसेंच्या तसें जपून ठेवतात. पण तें शोधतांना सामान्यतः लहान-मोठा भेद मानीत नाहींत. आपापल्या घरीं दोन्ही पंथ सुखानें नांदतात. एकाच आज्ञावलीचें काम दोन्ही घरीं चालूं लागलें, म्हणजे तंटा उपजतो.

खुद्द लिनक्सच्या मूळ आज्ञावलीचें उदाहरण घ्यावें. नेटवर्कवरून जाणाऱ्या संदेशांच्या पुडक्यांवर ‘डीएससीपी’ नांवाची एक खूण असते. ती तपासणारी एक फाइल व ती बदलणारी दुसरी, अशा दोन फाइली तींत कित्येक वर्षें शेजारीं शेजारीं आहेत. पहिलींत हीं चार अक्षरें लहान, दुसरींत मोठीं. बाकी नांव एकच. ही आज्ञावली विंडोजवर उतरवून घेतली, कीं एक फाइल दुसरीच्या जागीं येऊन बसते व दोहोंपैकीं एकच शिल्लक राहते.

अनर्थ येथेंच थांबत नाहीं. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्मिलेल्या ‘गिट’ या साधनाच्या नोंदींत दोन्ही फाइली असतात. त्यामुळें कोणीं हात न लावतांही एक फाइल ‘बदललेली’ दिसते. घाईंत सारे बदल एकदम नोंदविले, तर एकीचा मजकूर दुसरीच्या नांवावर चढून सर्वांच्या प्रतींत पोहोंचतो. २०१८ च्या डिसेंबरांत निघालेल्या २.२० या आवृत्तीपासून गिट प्रत उतरवितांनाच अशा नांवांचा इशारा देतें. पण इशारा म्हणजे उपाय नव्हे.

हा भेद घातकही ठरूं शकतो. गिट आपलें दप्तर ‘.गिट’ नांवाच्या फोल्डरांत ठेवतें. तेंच नांव मोठ्या अक्षरांत लिहिलें, तर गिटला तें परकें वाटे. विंडोज व मॅक मात्र त्यास खऱ्या दप्तराचीच वाट दाखवीत. या फटींतून दुष्टास दुसऱ्याच्या संगणकावर आपल्या आज्ञा चालवितां येत. हा दोष डिसेंबर २०१४ मध्यें उघड होऊन तेव्हांच दुरुस्त झाला.

उपाय साधा आहे. फाइलींचीं नांवें सर्वांनीं लहान अक्षरांतच ठेवावीं. केवळ अक्षराच्या आकारानें भिन्न अशीं दोन नांवें एका फोल्डरांत येऊं देऊं नयेत. आणि आज्ञावलींत फाइलीचा उल्लेख करतांना तिचें नांव अक्षरशः तसेंच लिहावें. विंडोजवर चुकीचा उल्लेखही चालून जातो, आणि तेंच काम लिनक्सवर अडून बसतें. यंत्रानें चूक पोटांत घातली म्हणून ती नाहींशी होत नाहीं. ती शेजाऱ्याच्या घरीं प्रगट होते.