टेबलावरचं राक्षसभुवन

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी इथे निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामअली नदीपार झाला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी अलीकडे अडकला आणि मारला गेला. छोट्या शिपायांच्या युद्धखेळाला हा प्रसंग फारच सोयीचा: टेबलाची एक कड म्हणजे पूर आलेली गोदावरी. तिकडून कुमक नाही!

सैन्य जुन्या धाटणीचं हवं, तर २५ मिलिमीटरचे, म्हणजे इंचभर उंचीचे शिपाई घ्या. छटा-सावल्यांच्या फंदात पडू नका. सपाट, भडक रंग द्या, वर चकचकीत वॉर्निश, अगदी खेळण्यासारखं. एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या युद्धखेळाच्या पुस्तकातले शिपाईही खेळण्यातलेच होते. मराठा घोडदळाला एकसारखा गणवेश नव्हता, म्हणून पागोटी निरनिराळ्या रंगांची रंगवा. कंटाळाही येत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मात्र इथे नकोत. ते शिवकाळातले, शिवाय मापात एकमेकांशी जुळत नाहीत.

जुन्या ओतीव शिपायांत शिसं असतं. कानस मारल्यावर हात साबणाने धुवा.