विजेचे यंत्र आणि तारुण्य
विजेच्या यंत्राने म्हातारपण हटते, असे सांगणारे पूर्वीही होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जॉर्ज व्हॅन टॅसलने १९५०च्या दशकात लाकडी घुमट बांधायला घेतला. आतील विद्युतक्षेत्रातून गेले की शरीरातल्या पेशी बॅटरीसारख्या पुन्हा भारल्या जातील, असा त्याचा दावा! यंत्र अपुरेच राहिले. १९७८ साली, ६७व्या वर्षी, तो वारला.

मग सारेच खोटे का? तसे नाही. न सांधणाऱ्या हाडांसाठी स्पंदित चुंबकीय क्षेत्राच्या उपचाराला अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली. पण तेवढ्याने सुरकुत्या जातात, हे सिद्ध होत नाही.

तेव्हा विक्रेत्याला विचारा: नेमका आजार कोणता? काही रोग्यांना, त्यांच्या नकळत, बंद यंत्र लावून फरक ताडून पाहिलात का? उत्तर नसेल, तर पैसे गाठीलाच बरे. आणि चालू औषध मात्र सोडू नका.