दहा रुपयांचा फॉर्म

सकाळी ६.१० : कराडच्या बाजूचं, उसाचं गाव. गावच्या आशा सेविका, आशाताई, यांची चौथी भाकरी तव्यावर आहे. आज मी त्यांच्यासोबत. पोराचा डबा भरून झालाय. पिशवीत फॉर्म, दोन पेनं आणि शिंप्याकडची पिवळी टेप.

७.२० : नऊनंतर घरात कोणी सापडत नाही, म्हणून लवकर निघायचं. पहिल्याच अंगणात काकू बसल्यात. साखर, रक्तदाब अशा आजारांचा धोका गुणांत मोजणारा हा फॉर्म तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा भरायचा असतो.

"तंबाखू खाता?"

"न्हाय बया."

काकूंच्या बोटावर मिश्री आहे.

"मग हे काय?"

"ही दाताला हाय."

आशाताई वाद घालत नाहीत. 'रोज' वर खूण, दोन गुण. मग काकूंना आत नेऊन कंबर मोजायची. लुगड्याच्या गाठीवरून टेप धरली तर माप चुकतं, म्हणून गाठ जरा खाली सरकवायला लावतात. ८६ सेंटिमीटर. बाईला ८० च्या वर गेलं की एक गुण. पुढचा प्रश्न : आठवड्यात १५० मिनिटं व्यायाम होतो का? काकू खो खो हसतात. "वैरणीचा भारा काय तुझा बाप आणतो?" तिथं शून्य. वडिलांना साखर होती, त्याचे दोन. वय धरायच्या आधीच पाच झाले. चारच्या वर गेलं की तपासणीला आधी बोलवायचं.

"मंगळवारी उपकेंद्रावर या."

"मंगळवारी भांगलण हाय."

९.१५ : तीन घरांना कुलूप.

११.०० : उपकेंद्र. समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम रक्तदाब मोजतायत. एकसष्टीचे आण्णा चालत आलेत, म्हणून आधी पाच मिनिटं गप्प बसवलं. गप्प बसणं त्यांना गोळीपेक्षा कडू. १६८/१०२. थोड्या वेळानं पुन्हा मोजला, १६४/१००.

"गोळी घेता का आण्णा?"

"डोकं दुखायचं थांबलं, मग सोडली. दिवाळीपासनं."

हे वाक्य आशाताई आठवड्यात किती वेळा ऐकत असतील! ई-संजीवनीच्या व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवलं. अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, पुन्हा सुरू. दहाच्या तीन पट्ट्या, फुकट. उपचार कार्डावर पुढची तारीख पडली.

१.३० : डबा. मीठ कमी करा म्हणून गावभर सांगणाऱ्या बाईच्या डब्यातही लोणच्याची फोड आहेच. मी बघितलं, त्यांनी झाकण लावलं.

५.४० : पुरुष आता भेटतात, पारावर. कंबर मोजायची म्हटली की सगळे पोट आत ओढतात. "सोडा की भाऊ, फोटो काढत नाही." चार फॉर्म झाले. सकाळचे तीन धरून सात. फॉर्मला दहा रुपये, म्हणजे दिवसाचे सत्तर, आणि तेही हातात पडतील तेव्हा. रुग्ण सहा महिने उपचारावर टिकला का, हे बघण्याचे पन्नास. महिन्याला साडेआठ रुपयेही नाहीत. झेरॉक्स संपली तर पदरचे पैसे.

७.५० : घरी जाता जाता आण्णांचं दार. म्हातारी चहा टाकते. आशाताई बिनसाखरेचा मागतात आणि पट्टी दाखवा म्हणतात. आण्णा उठतात, देवळीतून काढून आणतात. आशाताई बोटानं चाचपत मोजतात.

एक खोबण फुटलेली. नऊ गोळ्या शिल्लक.