पहिली शर्यत, तीही चाळिशीत!

‘या वयात धावायचं? लोक काय म्हणतील!’ मैत्रिणींनो, हे तुमच्याही मनात येतंच ना? एवढं लांब धावणं बायकांना झेपणार नाही, असं एके काळी जाणकारही म्हणत. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडलं! पुढे बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत धावल्या नि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या औषधपाण्याला पैसे हवे होते, म्हणून!

तुम्हाला काही नंबर काढायचा नाही. पाच किलोमीटरची शर्यत निवडा आणि दहा आठवडे हाताशी ठेवा. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. हळूहळू धावणं वाढवायचं. वेग शेजारणीशी बोलता येईल इतकाच. धाप लागून शब्द तुटू लागले, की खुशाल चाला.

बूट पायाला नीट बसणारे घ्या, पण कोरे करकरीत बूट शर्यतीच्या दिवशी नकोत. उपाशीपोटी धावू नका. तास-दीड तास आधी एखादं केळं खा. सुरुवातीला सगळे सुसाट सुटतात, तुम्ही आपल्या चालीनेच जा.

आणि हो, त्या अर्ध्या तासात घरी चहा कोण टाकणार, डबे कोण भरणार, हे आजच ठरवून टाका. पायांपेक्षा हीच तयारी अवघड असते, नाही का?