बोर्डावरचा पार्ट एकटा बोलत नाही

सर्किट बोर्डावरचा १० किलोओहमचा रेझिस्टर जागेवरच मोजला आणि मीटरने ४.७ किलोओहम दाखवले, तर तो खराब आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. मीटरचा प्रवाह त्या रेझिस्टरबरोबर ट्रॅकने जोडलेल्या ट्रान्झिस्टर, कॉइल, आयसी अशा शेजाऱ्यांतूनही वाट काढतो, आणि वाटा वाढल्या की एकूण रोध घटतो. तेथेच १५ किलोओहम दिसले, तर मात्र रेझिस्टर गेलाच म्हणून समजावे. शेजारी रोध कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत. अट एवढीच, की जवळच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला नसावा. पार्ट न काढता, शेजाऱ्यांना गप्प बसवून हव्या त्याच पार्टला बोलते करणे, हे बोर्डदुरुस्तीचे निम्मे कसब.

मीटरच्या आधी डोळे आणि नाक कामाला येतात. फुगलेला कपॅसिटर, काळवंडलेला रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मरच्या पायाभोवती सोल्डरला पडलेली केसाएवढी गोल भेग यांवरून बरेच दोष तिथेच सापडतात. मेन्सवरचा संशयित बोर्ड थेट प्लगला लावत नाहीत. तो सिरीज बोर्डावर, म्हणजे १०० वॉटच्या फिलामेंट बल्बच्या ओळीत, जोडतात. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जाता येते. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर पुढे शॉर्ट आहे, आणि तोवर जादा प्रवाह बल्बनेच रोखून धरलेला असतो. शॉकपासून मात्र हा बल्ब वाचवत नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लायच्या, मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी उभे असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहू शकतात.

मीटर स्वतःही एक शेजारीच असतो. ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून १९२३ साली अ‍ॅव्होमीटर बाजारात आला आणि अँपिअर, व्होल्ट, ओहम एकाच पेटीत मोजता येऊ लागले. पण मोजताना मीटरही सर्किटमधून थोडा प्रवाह घेतो. १० व्होल्टच्या सप्लायवर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर ओळीत असतील, तर मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट हवेत. आतला रोध रेंजच्या दर व्होल्टला १,००० ओहम असलेला काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर तिथे लावला, तर तो ०.८ व्होल्ट दाखवतो. व्होल्टला २०,००० ओहमचा मीटर ४ व्होल्ट दाखवतो, आणि १० मेगाओहमचा डिजिटल मीटर जवळजवळ ५. तिन्ही मीटर खरेच बोलतात. पहिले दोन मोजता मोजता सर्किट बदलून टाकतात एवढेच.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा या कामातला सर्वांत लबाड पार्ट. जुने कारागीर त्याला अजून कंडेन्सरच म्हणतात. आत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी आणि मधला कागद भिजवून ठेवणारा द्रव असतो. उष्णतेने हा द्रव रबरी बुचातून वर्षानुवर्षे झिरपत उडून जातो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे, हा ढोबळ हिशेब. म्हणून हीटसिंकला खेटून बसलेला कपॅसिटर आधी जातो. द्रव आटल्यावर तो ‘कोरडा पडतो’, तरी कपॅसिटन्स मीटरवर पास होऊ शकतो. डब्यावर १,००० मायक्रोफॅरड लिहिलेले असते, मीटर ९०० दाखवतो. पण अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, ओहमच्या काही शतांशांवरून काही ओहमांवर गेलेला असतो. सेकंदाला हजारो वेळा स्विच होणाऱ्या एसएमपीएसमध्ये तेवढ्याने व्होल्टेज डळमळते आणि टीव्ही सुरू होता होता बंद पडतो.

ईएसआर मीटर यावर दुहेरी युक्ती करतो. तो बहुधा १०० किलोहर्ट्झचा सिग्नल सोडतो. या वारंवारतेला १,००० मायक्रोफॅरडचा स्वतःचा अडथळा दीड मिलिओहमच्या आसपास उरतो, म्हणजे मोजला जातो तो ईएसआरच. शिवाय सिग्नल शंभरेक मिलिव्होल्टपेक्षा मोठा नसतो. सिलिकॉनचे जंक्शन अर्ध्या व्होल्टच्या खाली वाहत नाही, त्यामुळे शेजारचे डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी झोपलेलेच राहतात. ऑस्ट्रेलियाच्या बॉब पार्कर यांनी १९९६ साली अशा मीटरची रचना मासिकातून मांडली. त्याचे किट जोडून अनेक कारागिरांनी तो घरीच बनवला. मात्र समांतर जोडलेल्या दोन कपॅसिटरांत चांगला असतो तो वाईटाला झाकतो, आणि शॉर्ट झालेला कपॅसिटर या मीटरवर उत्तम दिसतो.

मोबाईल आणि लॅपटॉपच्या बोर्डावर हीच अडचण टोकाला जाते. एका सप्लाय लाइनवर डझनावारी सिरॅमिक कपॅसिटर समांतर असतात. एक शॉर्ट झाला की सगळेच शून्य ओहम दाखवतात. मग चोर उष्णतेवरून पकडावा लागतो. बोर्डावर रोझिनच्या धुराची पांढरी साय धरतात आणि त्या लाइनला बेंच सप्लायवरून साधारण १ व्होल्ट देतात. साय जिथे आधी वितळते, तिथला पार्ट दोषी. थर्मल कॅमेरा हेच काम महागात करतो.

बीजीए चिपचे पाय पोटाखाली असतात, तिथे मीटरची तार पोहोचत नाही. त्यासाठी १९९० साली जेटॅगचे मानक आले. चिपच्या आतच चाचणीची साखळी ठेवून चार तारांवरून तिची विचारपूस करायची, अशी ही सोय. पण त्या तारा बाहेर काढलेल्या नसतील तर ती दुरुस्तीच्या टेबलावर निरुपयोगी. पार्ट काढणेही आता अवघड झाले आहे. शिसेमिश्रित सोल्डर १८३ अंशांना वितळतो. युरोपीय संघाचे निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाल्यावर रुळलेला बिनशिशाचा सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून पार्ट काढताना पॅड उखडण्याची भीती वाढली. नवा पार्ट मिळवणे हा पुढचा प्रश्न. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मॉस्फेट, म्हणजे स्विचिंगचा ट्रान्झिस्टर, मिळतो. कंपनीने आत प्रोग्रॅम भरलेला मायक्रोकंट्रोलर तसा सुटा मिळत नाही. सर्किटचा नकाशाही हल्ली वस्तूबरोबर येत नाही. दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तिच्यापुढे ही माहिती खुली करण्याचा मुद्दाही होता.

पार्ट बदलला तरी निदान संपत नाही. उडालेला फ्यूज बहुधा बळी असतो. मॉस्फेट शॉर्ट असेल तर नवा फ्यूजही तसाच उडतो, आणि मॉस्फेट कशाने गेला ते सापडले नाही तर नवा मॉस्फेटही टिकत नाही. म्हणून दुरुस्त झालेला बोर्डही पहिल्यांदा पुन्हा सिरीज बल्बवरच लावतात.