फोर्डची मोटार : कालची आणि आजची

मंडळी, मोटार ही एकेकाळी अमेरिकेतही श्रीमंतांचीच चैन होती. १९०८ साली हेन्री फोर्ड यांनी ‘मॉडेल टी’ काढली, तिची किंमत ८५० डॉलर. १९१३ मध्ये त्यांनी सरकती जोडणी सुरू केली. गाडी पुढे सरकायची, कामगार जागेवरच. बारा तासांचं सांगाडा जोडण्याचं काम दीड तासावर आलं! १९२५ पर्यंत सगळ्यांत स्वस्त ‘टी’ ३०० डॉलरच्या आत मिळू लागली. शेतकऱ्यांनी ती घेतली. मागच्या चाकावर पट्टा चढवून लाकडं कापायची करवतही चालवली.

पण गाडी खपते म्हणून फोर्ड तिच्यात फारसा बदल करीनात. १९१४ ते १९२५ रंगसुद्धा एकच, काळा. गिऱ्हाईक शेवरलेकडे वळलं. १९२७ साली, दीड कोटी गाड्या झाल्यावर, ‘टी’ बंद पडली. कारखाना कित्येक महिने थांबला, हजारो कामगार घरी बसले. मग ‘मॉडेल ए’ आली.

पुढे १९४८ चे ‘एफ’ मालिकेचे ट्रक आणि १९६४ ची ‘मस्टँग’ निघाली. ही नावं आजही टिकून आहेत. आतली गाडी मात्र वेळोवेळी बदलत गेली. गुरुजी, मुलांना एवढंच सांगा : नाव जुनं चालतं, माल जुना चालत नाही.